वरच्या बॉम्बाला आवाज नसतो

पाच-सात बायका रोज पहाटे एका टिनाच्या शेडखाली हात गुंतवून बसल्या की किस्से साचायला वेळ लागत नाही. हात मोकळे असते तर आमची भांडणं झाली असती. हातात सुई, मांडीवर फुलं, म्हणून भांडणं तोंडातल्या तोंडात राहतात आणि पुढे त्यांच्याच गोष्टी होतात. अमरावतीच्या फुलबाजारामागे आमची ही शेड. इथे जे साचलं ते सगळं सांगायला बसले तर तुमची चहाची किटली चारदा रिकामी होईल. म्हणून फक्त ह्या वर्षाचं सांगते.

मी गोदा. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं फुलं बांधून यायची त्या रद्दीवर शिकले. रद्दी पुरेना तेव्हा वाचनालय लावलं. त्यामुळे शेडमध्ये एक रीत पडली आहे: मी मोठ्याने वाचायचं आणि माझ्या पाटीतली फुलं बाकीच्यांनी ओवायची. आमच्यातली रेखा म्हणते, "गोदामाय तोंडाचं खाते." खाते! तुम्ही चष्मा लावून, टिनावर माकडं नाचत असताना, पानभर वाचून दाखवा, मग बोला.

तर ह्या वर्षाचे सगळे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. आभाळात, हवेच्याही वर, अणुबॉम्ब फुटला तर काय होतं त्याचे. आणि त्यात अडकली आमची सिंधू. सिंधू माझी जुनी सोबतीण, बडनेऱ्याहून ऑटोत शेवंती घेऊन येते. तिचं हृदय मधेच थबकायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी छातीत मशीन बसवायला सांगितलं. सिंधू नाही म्हणाली. का? तर वर बॉम्ब फुटला म्हणजे?

हसू आलं तर हसा. मला तेव्हा येत नव्हतं.

*

श्रावणात सुरुवात झाली. पेपरात बातमी होती की कोणतातरी देश अवकाशात अणुबॉम्ब नेऊन ठेवायच्या विचारात आहे, असा दुसऱ्या देशाला संशय आहे. ही बातमी आतल्या पानावर! पहिल्या पानावर कोणाचातरी वाढदिवस होता.

मी ती मोठ्याने वाचली. वाचनालयातून आणलेलं पुस्तक होतंच, त्यातलं पुढचं सांगितलं. जमिनीवर बॉम्ब फुटतो तेव्हा हवा तापते, तापलेल्या हवेचाच तो गोळा होतो. धक्का मारते ती हवाच, आवाज करते ती हवाच. वर हवाच नाही. म्हणून छत्रीसारखा ढग नाही, धूर नाही, दणका नाही.

रेखा हसली. "मंग बॉम्ब कायचा वो? फुसका फटाका झाला तो!"

"फुसका नाही," मी म्हणाले. "हवा नाही म्हणजे अडवणारंही कोणी नाही. बहुतेक सगळी ताकद किरणांमधून निघते. डोळ्याला न दिसणारे किरण. चहूकडे, सरळ, न थांबता. समोर जे येईल त्याला कळायच्या आत आरपार."

सुया थांबल्या. मग सिंधूने पदराने मान पुसली.

"हे तं माह्या घरच्या बुढ्यावानी झालं," ती म्हणाली. "वरडे तवा मी निवांत राहो. चूप बसला का मले घाम फुटे!"

सगळ्या हसल्या. पण त्या दिवशी दोघी-तिघींनी सुई बोटात टोचून घेतली, हे मी पाहिलं. आणि ह्या बायका झोपेतसुद्धा हार ओवतात.

*

गणपतीत शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तरी मी पुस्तक सोडलं नव्हतं. सिंधूनेच विचारलं, "ते किरण निंघून गेले, बरं. मांगं काई राह्यते का?"

राहतं. विजेचे कण राहतात. आता हे समजावायला मला फळा लागत नाही. मी समोरचा नारळ उचलला. म्हटलं, ही पृथ्वी. पृथ्वी म्हणजे मोठं लोहचुंबक. तिच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न दिसणारे दोरे ताणलेले असतात. बॉम्बमधून सुटलेले कण त्या दोऱ्यांत अडकतात. ह्या टोकाला धावतात, तिथून परतून त्या टोकाला धावतात, आणि धावता धावता बाजूला सरकत जातात. असं करत सगळ्या पृथ्वीभोवती कडं तयार होतं. ते महिनोन्महिने राहतं, कधी वर्षानुवर्षं. त्यातून जो उपग्रह फिरेल तो आजारी पडत पडत मरतो. पावसाचा अंदाज देणारा, फोन जोडणारा, रस्ता दाखवणारा, कोणीही.

आणि सिंधूच्याच हातातला शेवंतीचा हार घेऊन मी नारळाभोवती गुंडाळला.

रेखा खूश! "म्हंजे पृथ्वीले हार घातला म्हना ना!"

हार म्हटल्यावर आमचाच विषय. एक म्हणाली किती फुटी लागेल, दुसरी म्हणाली दोरा दुहेरी घ्यावा लागेल, नाहीतर मधे तुटायचा. गणपतीच्या गर्दीत पृथ्वीचं गिऱ्हाईक आल्यासारखं चाललं होतं.

सिंधू मात्र त्या नारळाकडे पाहत होती.

"गोदा," ती म्हणाली, "हा नवरीचा हार हाय का फोटोचा?"

मी हार काढून घेतला. नारळ दिवसभर तिथेच पडून होता. कोणी विकला नाही, कोणी फोडला नाही.

*

दसऱ्याच्या आदल्या पहाटे झेंडूचे ढीग कमरेएवढे असतात. त्यात आम्ही बुडालेल्या, आणि एकदम दिवे गेले.

दिवे जाणं आम्हाला नवं नाही. पण त्या दिवशी दिव्यासोबत वजनाचा काटा बंद, पाण्याची मोटर बंद, आणि रेखा ओरडली, "टावर बी गेला! मोबाईलात काईच नाई!"

आता नेमकं त्याच आठवड्यात मी वाचून दाखवलं होतं की एका मोठ्या देशाने फार वर्षांमागे असा बॉम्ब समुद्रावर, पार वर नेऊन, खरंच फोडून पाहिला होता. तेव्हा शेकडो कोस लांबच्या बेटावर रस्त्यातले दिवे गेले. आभाळ लाल झालं. पुढे देशांनी बसून करार केला आणि वर बॉम्ब फोडायला बंदी घातली. करार कोणाच्या लक्षात राहिला नव्हता. दिवे राहिले होते.

"गोदामाय," कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "तिकडं पाहा."

उत्तरेकडे, डोंगराच्या अंगाला, आभाळ लाल होतं.

शेडभर बायका, पण श्वासाचा आवाज येत नव्हता. आवाज नसतो, हे मीच सांगितलेलं ना! एकीने रिकामी पाटी डोक्यावर पालथी घातली. रेखाने हातातला हार स्वतःच्याच गळ्यात घातला. का घातला ते तिला अजून सांगता येत नाही. मी भिले नव्हते. मी फक्त टॉर्च शोधत होते. टॉर्च माझ्या हातातच होता.

तेवढ्यात फटफटी वाजली. आमचा अडत्या, दिनकरभाऊ. "डीपी जयाली वो बाईहो! आन् तिकडं कोनाचं तरी सोयाबीनच्या भुसाचं कुटार पेटलं. टावरचं मले काई माईत नाई."

रेखा गळ्यातला हार काढत म्हणाली, "डीपी काहून जयाली, ते इचारलं का कोनाले?"

असा हशा झाला की टिन हललं. त्या हसण्यात एक आवाज कमी होता. टॉर्च फिरवला तर सिंधू झेंडूच्या ढिगावर आडवी, डोळे अर्धे उघडे.

मी तिचं मनगट धरलं. एक ठोका लागला. मी पुढच्याची वाट पाहिली. पुढचा येईना. दिनकरभाऊ पाणी आणायला धावला, रेखा तळपाय चोळायला लागली, आणि मी वाट पाहतच राहिले.

आला. पण असा आला, जसं कोणी पाहुणं दारातूनच परत जायचा विचार करत असावं.

*

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. तपासण्या झाल्या. म्हणाल्या, "आजी, तुमच्या हृदयाचा ठोका मधेच चुकतो. एखाद्या वेळी पुढचा येणारच नाही. इथे कातडीखाली एक छोटं मशीन बसवू. ठोका चुकला की ते हृदयाला आठवण करून देतं. घाबरण्यासारखं काही नाही. पण उशीर करू नका."

सिंधूने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "इजेवर चालते का?"

"बॅटरीवर. आतच असते."

"मंग वर बॉम्ब फुटला तं?"

"वर कुठे, आजी? वरच्या मजल्यावर?"

"आभायात वो बाई! हवेच्याई वर. त्याचा आवाज होत नाई. खाली समद्या मशिनी बंद पडतेत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे सोबत कोणी शहाणं माणूस आहे का ते पाहिलं. मी मान हलवली. "बरोबर सांगते ती. आवाज होत नाही."

त्यांनी कागद ओढला. "आधी आपण मेंदूचा फोटो काढून घेऊ," असं म्हणत लिहायला लागल्या. मधेच पेन थांबलं. माझ्याकडे बोट दाखवून नर्सला म्हणाल्या, "ह्यांचाही."

बाहेर बाकावर बसल्यावर सिंधू म्हणाली, "मी नाई बसवत, गोदा. जीव मशिनीवर टांगाचा आन् कोनी तरी वर बटन दाबाचं. तूच वाचलं ना?"

मीच वाचलं. खोटं वाचलं असतं तर परत घेतलं असतं. खरं वाचलेलं परत कसं घेणार?

*

मोझरीच्या आश्रमात राष्ट्रसंत महाराजांच्या पुण्यतिथीला आम्ही दरवर्षी फुलं घेऊन जातो. तिथे ठरलेल्या क्षणी सगळे उभे राहून मौन पाळतात. नजर पुरत नाही एवढी माणसं, आणि एकाचीही हालचाल नाही. हायवेवरच्या गाड्या जागच्या जागी. लेकरंसुद्धा आईच्या अंगावर गप्प.

मी दरवर्षी त्या वेळी डोळे मिटते. ह्या वर्षी मिटले नाहीत. सिंधूच्या नाकासमोरचा तिचा पदर हलतो की नाही, ते पाहत उभी राहिले. मौन संपलं तेव्हा माझ्या मानेला रग लागली होती.

परतीच्या गाडीत सिंधू खिडकीशी बसली होती. म्हणाली, "वरचा फुटला का असंच होईन, नाई वो? समदं थांबलेलं."

"असंच," मी म्हणाले.

"मंग समद्याइनं असंच हात जोडून उभं राहावं. पयापयी करू नये."

मागच्या सीटवरून रेखा पुढे वाकली. "उभं राहाचं काई नाई, माय. पन मौन सुटलं, हे सांगन कोन?"



*

मग मी ठरवलं, पुस्तकाने बिघडवलं ते पुस्तकानेच दुरुस्त करायचं. शोधून शोधून पान काढलं आणि शेडमध्ये वाचलं, सिंधूकडे पाहत. वरून आलेले किरण खालच्या हवेच्या माथ्यावर आदळतात. तिथून विजेचा एक झटका सुटतो आणि पापणी लवायच्या आत खालच्या सगळ्या मुलखावर पसरतो. पण तो पकडायला लांब तार लागते. गावोगाव गेलेल्या लाईनीच्या तारा, त्यांना खरा धोका. वीतभर तारेत तो फारसा शिरत नाही. आणि छातीतलं मशीन तर अंगाच्या आत, स्वतःच्या बॅटरीवर, तार एवढीशी. त्याला बहुधा काही होणार नाही.

'बहुधा' मी जरा हळू वाचलं.

वाचलं सिंधूसाठी, मनावर घेतलं बाकीच्यांनी.

तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयाच्या दाराचं मोठं तोरण आमच्याकडे होतं. असं तोरण आतून एका अखंड तारेवर उभं असतं, वरून फुलं. आमच्या बायांनी काय केलं? त्या तारेचे वीत-वीतभर तुकडे केले आणि मधे मधे सुती दोऱ्याने जोडले! वरून कोणाच्या बापाला कळलं नसतं.

वरात दारात आली. नवरदेव घोड्यावरून उतरला, आत गेला. त्याच्या मागून मामा आला, आणि अख्खं तोरण मामाच्या डोक्यावर. मामाचा फेटा, चष्मा आणि आवाज, तिन्ही एकदम गेले.

दुसऱ्या दिवशी दिनकरभाऊ शेडमध्ये येऊन नाचला. "तार कोनं तोडली? कोनं सांगतलं तोडाले?"

एकजात सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. वाचणारी मी, म्हणून गुन्हेगार मी!

रेखाने मात्र कमरेवर हात ठेवले. "लांब तार घातक असते, भाऊ. लग्नघर होतं. लेकराबायाची गर्दी होती."

"अवं, पन तोरन पडलं ना!"

"तोरनच पडलं ना? वीज तं नाई पडली!"

दिनकरभाऊ पाय आपटत निघाला. शेडच्या बाहेर लाईनीची तार गेली आहे. रोज तिच्या खालून जातो तो. त्या दिवशी वळसा घालून गेला.

*

एवढं करूनही सिंधू हो म्हणेना. तिला आणखी चक्कर आली, एकदा ऑटोत, एकदा न्हाणीत. न्हाणीतली तिने लपवली. कपाळावरच्या टेंगळाने सांगितली. मग एक दिवस ती आलीच नाही. कळलं की तेल्हाऱ्याला भावाच्या शेतात जाऊन राहिली आहे. "तिथं तारा नाई," म्हणे.

मी अकोल्याला एसटी बदलून तेल्हाऱ्याला पोचले. कापूस वेचणीचे दिवस, शेत पांढरंफेक. मधोमध गवताची खोपडी आणि खोपडीच्या दारात सिंधू. आणि शेताच्या चारही धुऱ्यांनी, म्हणजे बांधांवरून, रानडुकरं येऊ नयेत म्हणून लावलेली झटका मशीनची तार! ह्या खुंटापासून त्या खुंटापर्यंत, एक अखंड.

मी धुऱ्यावरूनच ओरडले, "सिंधे! तारा नाहीत म्हणून पळून आलीस आणि तारेच्या रिंगणात येऊन बसलीस होय गं!"

तिचा भाऊ हसायला लागला. मला आत घ्यायला त्याने मशीन बंद केलं. "बाई, मले वरच्या बॉम्बाचं काई नाई," म्हणाला. "मले खालच्या डुकराचं भेव." आणि मी आत आल्याबरोबर परत चालू केलं. त्याचं टिक-टिक सुरू झालं.

मी सिंधूजवळ बसले आणि पान पाठ म्हणून दाखवलं. वीतभर तार. स्वतःची बॅटरी. अंगाच्या आत. ती मांडीवरच्या कापसातली पाती निवडत होती.

"मले समजलं होतं वो," ती म्हणाली. "तू शेडमधी वाचलं तवाच समजलं. ते बंद नाई पडत."

"मग?"

"बंद पडाचं भेव नाई मले, गोदा. समदं बंद पडलं, समदे गेले, आन् माहंच चालू राह्यलं तं?"

मी वाचलेली बाई. मला कोणी काहीही विचारा, माझ्याकडे पान असतं. ह्याला नव्हतं. मशीन टिक-टिक करत होतं. भाऊ लांब गेला होता. एवढं मोठं पांढरं शेत आणि त्यात आम्ही दोघी, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ती रोज रात्री काय पाहत असेल. एकटीच, चालू.

तोंडात आलं ते बोलले. "मग एवढ्या मयतींना हार लागतील. ओवणार कोण?"

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. आधी एक शिवी हासडली, इथे लिहिण्यासारखी नाही. मग तिला हसू फुटलं, इतकं की मला तिच्या ठोक्याची धास्ती वाटली. डोळे पुसून ती उठली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली.

"शेवंती पुरनार नाई," ती म्हणाली. "झेंडू घ्या लागन."

*

मशीन बसलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. डावा हात इतके दिवस वर उचलायचा नाही. मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही. बोलायचं ते उजव्या कानाला लावून.

सिंधूने सगळ्याला मान डोलावली. मग म्हणाली, "आन् बॉम्ब?"

मी खाली पाहिलं. म्हटलं, आता पुन्हा मेंदूचा फोटो.

पण बाई हुशार झाल्या होत्या. "बॉम्बही उजवीकडेच ठेवा, आजी."

*

संक्रांत जवळ आली होती. थंडी अशी की दोऱ्याला गाठ मारताना बोटं ऐकत नाहीत. सिंधू परत येऊन तिच्या जागेवर बसायला लागली होती, माझ्या उजव्या हाताला. डावा हात जपून, पण ओवण्याचा वेग तोच. माझी पाटी तीच ओवायची.

त्या पहाटे पेपरात पुन्हा तीच बातमी होती. ह्या वेळी पहिल्या पानावर. मी दोन ओळी वाचल्या आणि दिवे गेले.

काटा गेला. मोटर थांबली. रेखाने मोबाईल पाहिला आणि पालथा ठेवला. उत्तरेकडे आभाळ लाल होतं.

कोणी डीपीचं नाव काढलं नाही. आम्ही सगळ्या एकाच गोष्टीला कान देऊन बसलो, दिनकरभाऊच्या फटफटीला. ती येईना. रस्त्यावर कोणाचीच गाडी येईना. एकीने पाटी ओढली, डोक्यावर घेतली नाही, नुसती धरून बसली.

"कुटार असेल," मी म्हणाले. संक्रांतीत कुटार नसतं. हातातला पेपर फडफडत होता. वारा नव्हता.

अंधारातून सिंधूचा हात आला. तिने पेपर माझ्या हातातून सोडवला, घडी करून बाजूला ठेवला. मग माझी बोटं धरून तिने गळ्याच्या खाली, डावीकडे, कातडीवर टेकवली. तिथे काडेपेटीसारखी एक कडा लागत होती. तिच्या आतून ठोका आला. मी वाट पाहिली. पुढचा आला. त्याच्या पुढचाही.

"चालू हाय?" तिने विचारलं.

"आहे."

"वाचाले दिसते का तुले?"

"नाही."

"मंग ओव," ती म्हणाली, आणि माझ्या हातात सुई दिली.